तराजू आणि संगणक यांचा करार

देवास गेट हा उज्जैनच्या रेल्वे स्थानकालगतचा गजबजलेला भाग. तेथून क्षिप्रेकडे गेले म्हणजे सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करविलेली वेधशाळा लागते. तेथील सम्राट यंत्रावरील छाया डोळ्यांनी पाहावयाची आणि हाताने टिपावयाची. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मध्यरेषा मानली. म्हणूनच गावोगावची गणिते एकमेकांशी जुळू शकली. आधी करार, मग आकडा, हा मापनाचा पहिला नियम होय.

आजच्या प्रयोगशाळेत टिपण्याचे काम संगणकाकडे आले आहे. पण नियम तोच आहे. इलेक्ट्रॉनिक तराजूचे उदाहरण घेऊ. तराजू प्रत्येक अंक शून्य व एक या खुणांच्या मालिकेने तारेवरून पाठवितो. या खुणांस बिट म्हणतात. अशा जोडणीचे आर.एस. २३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत ठरले. त्यात चार गोष्टी दोन्ही बाजूंस सारख्याच ठरवाव्या लागतात : वेग, अक्षरातील बिटांची संख्या, पॅरिटी म्हणजे पडताळ्याचा बिट आणि अक्षर संपल्याची खूण. वेगास फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून बॉड म्हणतात. वेग ९६०० असेल आणि एका अक्षरास दहा बिट लागत असतील, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

वेग चुकला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात आणि चूक तत्काळ कळते. खरा धोका अर्धवट जुळण्यात आहे. समजा, तराजू सात बिट व सम पॅरिटी वापरतो आणि संगणक मात्र आठ बिट, पॅरिटी नाही, असे धरून बसला आहे. दोन्हीकडे अक्षर दहा बिटांचेच; त्यामुळे ०, ३, ५, ६, ९ आणि दशांशचिन्ह अचूक येतात, तर १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. संगणकातील कार्यक्रम अशी चिन्हे निमूटपणे गाळीत असेल, तर १२.५०३ ग्रॅमचे .५०३ होते! आकडा दिसावयास निर्दोष; पण त्यावर रचलेला सारा प्रयोग वाया.

म्हणून क्रम असा ठेवावा. उपकरणाच्या पुस्तिकेतून चारही मूल्ये कागदावर उतरून घ्यावीत आणि तीच संगणकात भरावीत. एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेस जोडली आहे, तसेच भूमीची तार दोघांस समान आहे, हे पाहावे. ओळ कोणत्या खुणेने संपते तेही जुळवावे. नाही तर संगणक वाट पाहतच राहतो. यू.एस.बी.चे रूपांतरक मध्ये बसविले, तरी हा करार टळत नाही.

शेवटी ज्ञात वजने ठेवून तराजूवरचा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी वाचावा. ० ते ९ हे सर्व अंक एकदा तरी येतील, अशी वजने निवडावीत. एकच वजन ठेवून समाधान मानणाऱ्यास वरील दोष दिसणार नाही. यंत्र टिपून घेते खरे. पण टिपलेले खरे आहे की नाही, याची जबाबदारी वेधशाळेतील निरीक्षकाप्रमाणेच आजही माणसावरच आहे.