मालिश करून घ्यायला जाताना

मालिश आपल्या घरांना नवी नाही. बाळंतिणीची चाळीस दिवस मालिश होते, दाई बाळाला पायांवर घेऊन चोळते, जुम्याच्या आदल्या रात्री दादी नातीकडून डोक्याची चंपी करून घेते. पण पैसे मोजून, वेळ ठरवून, अनोळखी हाताखाली झोपायचे म्हटले की आपल्या भगिनी दचकतात. कपडे किती काढायचे? बाई असेल की पुरुष? लोक काय म्हणतील? या प्रश्नांपायी कित्येक जणी वर्षानुवर्षे खांदेदुखी सोसत राहतात. आम्हा शिक्षकांचेच पाहा ना. दिवसभर फळ्याकडे हात उंचावून लिहायचे आणि संध्याकाळी मान खाली घालून वह्या तपासायच्या. स्टाफरूममध्ये मान न अवघडलेली एक शिक्षिका शोधून सापडायची नाही.

हे काही नवे परदेशी फॅड नव्हे. युनानी तिब्बमध्ये मालिशला ‘दल्क’ म्हणतात आणि औषधाशिवाय करायच्या उपचारांत तिला मानाचे स्थान आहे. इब्ने सिना यांनी ‘अल-कानून’मध्ये जोरकस मालिश, हलकी मालिश, लांबलेली मालिश असे भेद करून प्रत्येकीचा परिणाम वेगळा सांगितला आहे. इंग्लंडला चंपीची गोडी लावली तीही आपल्याच एका माणसाने. शेख दीन मुहम्मद १७५९ साली पाटण्यात जन्मले आणि पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी वाफेचे स्नान व मालिश सुरू केली. चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांचे ते ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तकही लिहिले. शॅम्पू हा शब्द ‘चांपो’, म्हणजे दाबा, यावरून आला आहे. आज मुलांना तो फक्त बाटलीत दिसतो.

आता प्रत्यक्ष काय होते ते पाहू. चांगल्या ठिकाणी पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसती विचारपूस होते. दुखते कुठे, कधीपासून, रक्तदाब किंवा साखर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झाले आहे का, दिवस गेले आहेत का. असे काहीच न विचारता थेट तेलाची वाटी पुढे करणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग तुम्हाला खोलीत एकटे सोडतात. ज्या भागाला मालिश हवी तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी अंग चादरीखाली राहते. पाठ झाली की पाठ झाकली जाते आणि मगच पाय उघडा होतो. सगळे कपडे उतरवण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. मान आणि खांद्यांची मालिश तर खुर्चीवर बसून, कपड्यांवरूनही करता येते. सतरची काळजी असेल तर वेळ ठरवतानाच फोनवर विचारून घ्यावे की मालिश करणारी बाई आहे ना, खोलीत दुसरे कोणी येणार नाही ना, सोबत बहीण किंवा मुलगी बसली तर चालेल ना. हे विचारताना संकोच कसला? चांगल्या ठिकाणी असे प्रश्न रोज येतात.

हात आधी हलके फिरतात, मग पीठ मळावे तसे स्नायू मळले जातात, गाठ लागली की तिथे अंगठा टेकून दाब दिला जातो. थोडे गोड दुखणे ठीक आहे. श्वास रोखावा लागत असेल तर दाब जास्त आहे, लगेच सांगावे. ‘सहन करा, गुण येईल’ हे उत्तर चुकीचे आहे. दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकेल, एक-दोन दिवसांत ते ओसरते.

गुण किती येतो? आखडलेले स्नायू सैल होतात, झोप बरी लागते, कंबरदुखीला काही दिवस आराम पडतो. पण सरकलेली चकती मालिशने जागेवर बसत नाही, आणि ‘शरीरातील विष बाहेर पडते’ ही निव्वळ जाहिरात आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या एका विद्यार्थिनीच्या खालाचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावर एकच पोटरी सुजली, गरम लागू लागली. घरच्यांनी मालिशवालीला बोलावले. नर्सिंग शिकणाऱ्या भाचीने तिला दारातच थांबवले आणि खालाला दवाखान्यात नेले. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी रगडली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीव जातो. म्हणून एकच पाय सुजला असेल तर त्याला कोणाचाही हात लावू देऊ नये. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजे हाडमोड यांतही मालिश नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडे ठिसूळ असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेमुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांना गरम तेलाचा चटका कळत नाही, हेही घरातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.

मग जायचे कोणाकडे? फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी होते, ती पाहता येते. मुंबई, पुणे, मालेगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत, तिथे शिकलेले हकीमही दल्क जाणतात. नुसत्या मसाज सेंटरमध्ये मात्र कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, हे तोंडाने विचारावेच लागते.

दहा वेळांचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह झाला तर मोडून काढावा. एकदा करून पाहावे, मग ठरवावे. तीन-चार वेळांनंतरही फरक नसेल तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे आहे, डॉक्टरांना दाखवावे. आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठावे.