गेन बरोबर, तरी आउटपुट का गंडलंय?

उद्या मिनी प्रोजेक्टचा डेमो. ब्रेडबोर्डवर ७४१ बसवलाय. इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर, गेन हवा दहा, म्हणून इनपुटला १ मेगओहम आणि फीडबॅकला १० मेगओहम लावले. इनपुट ग्राउंडला जोडलं, म्हणजे आउटपुट शून्याच्या आसपास हवं. आणि मल्टिमीटर दाखवतोय ०.८ व्होल्ट! मग आयसी बदल, वायरी हलव, पार्टनरवर खेकस. आम्ही तर या नादात तीन ७४१ बदलले होते. आयसीचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

गेन म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा रेझिस्टर, हे तुम्हाला झोपेतही आठवतं. पण या सूत्रात फक्त गुणोत्तर दिसतं. १० आणि १०० ओहम घ्या किंवा १ आणि १० मेगओहम, कागदावर उत्तर दहाच. कारण कागदावरचा ऑप-अँप आदर्श असतो, इनपुटमधून करंट घेतच नाही. खरा ७४१ घेतो. डेटाशीट उघडा (हो, ती पीडीएफ वाचायची असते!), ‘इनपुट बायस करंट’ साधारण ८० नॅनोअँपिअर दिसेल. तो १० मेगओहममधून गेला की झाले ०.८ व्होल्ट. डेटाशीटमधली कमाल मर्यादा ५०० नॅनोअँपिअर आहे, म्हणजे नशीब फुटकं असेल तर ५ व्होल्टसुद्धा!

बरं, मग एकदम छोटे लावू? १० आणि १०० ओहम? आउटपुट १० व्होल्ट हवं असेल तर फीडबॅकच्या १०० ओहममधून १०० मिलिअँपिअर जायला हवेत. ७४१ साधारण २५ मिलिअँपिअरलाच हात टेकतो.

म्हणून सगळे १० के आणि १०० के लावतात. आता तोच बायस करंट जेमतेम ८ मिलिव्होल्टची चूक करतो आणि फीडबॅकमधून जातो फक्त ०.१ मिलिअँपिअर. प्लस पिन थेट ग्राउंड न करता मध्ये ९.१ के टाकला, म्हणजे १० के आणि १०० के पॅरलल केल्यावर येतो तेवढा, तर ही चूक आणखी घटते.

तरी १० केची जोडी डोळे मिटून लावू नका. या सर्किटमध्ये सिग्नलला समोर दिसतो तो इनपुटचाच रेझिस्टर. सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० के असेल तर दोन्ही मिळून २० के होतात आणि दहाचा गेन थेट पाचवर येतो. अशा वेळी मध्ये बफर टाका, नाहीतर नॉन-इन्व्हर्टिंग वापरा. खूपच मोठे रेझिस्टर लागणार असतील तर ७४१चा हट्ट सोडा. तो १९६८चा आहे. टीएल०७२चा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये मोजतात.

आणि दुकानात ‘५० के द्या’ म्हणालात तर काउंटरवरचा माणूस ४७ के पुढे करेल. गेन पाच हवा असेल तर २० के आणि १०० के मागा, दोन्ही सहज मिळतात. सोनेरी पट्टीवाले घेऊ नका. ५ टक्के इकडे आणि ५ टक्के तिकडे चुकले की गेन १० टक्क्यांनी हलतो. १ टक्क्याचे मेटल फिल्म थोडेसेच महाग पडतात.

डेमोच्या आधी इनपुट ग्राउंड करून आउटपुटला किती मिलिव्होल्ट येतात ते वहीत लिहून ठेवा. एक्स्टर्नलने ‘१० केच का?’ विचारलं की तेच पान उघडायचं.