अलिबागजवळ टेकलेला अग्निरथ

खंडाळा म्हटलं की आपल्याला घाट आठवतो. पण रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ आणखी एक खंडाळा आहे. तिथल्या एका कातळावर घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. हा रथ कुणाचा? पांडवांचा नाही, रामाचाही नाही. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे कोकणी ज्यू, सांगतात की तो एलियाहू हन्नबीचा!

मराठी बायबलात ज्याला एलीया म्हणतात तोच हा हिब्रू नबी. काळ इसवी सनापूर्वी नववं शतक, भूमी आजच्या इस्राएल-जॉर्डनची. बायबल सांगतं की त्याला मरण आलंच नाही. अग्नीचा रथ आला, अग्नीचे घोडे आले आणि वावटळीतून तो सदेह स्वर्गात गेला. बेने इस्राएल म्हणतात, गेला खरा, पण त्याच्या रथाची चाकं इथे टेकली. ती जागा म्हणजे 'एलियाहू हन्नबीचा टापा'.

यार्देन (जॉर्डन) नदी कुठे आणि अलिबाग कुठे! एवढा लांब पल्ला गाठणारा हा माणूस होता तरी कोण? कुठल्या कुळाचा, कुठल्या धर्माचा?

गंमत अशी की हाच प्रश्न जाणकारांना दोन हजार वर्षं पुरला आहे. बायबलात बहुतेक मोठी माणसं बापाच्या नावासकट येतात. अमक्याचा मुलगा तमका. एलियाहू मात्र एकाएकी अहाब राजापुढे उभा राहतो आणि दुष्काळाची घोषणा करतो. त्याची ओळख काय, तर गिलाद प्रांतातला तिश्बी. बस्स. अर्जावर वडिलांच्या नावाचा रकाना कोरा, कुळाचा रकाना कोरा, जन्मतारीख नाही, आईचा उल्लेख नाही!

ज्याच्यापुढे तो उभा राहिला तो अहाब मात्र इतिहासात पक्का रुजलेला आहे. अश्शूरचा राजा तिसरा शाल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ च्या करकरच्या लढाईचं वर्णन आहे. त्यात 'इस्राएलचा अहाब' २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन उतरल्याची नोंद आहे. हा शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे राजाची नोंद शत्रूने दगडात कोरून ठेवली, आणि राजाला भर दरबारात सुनावणाऱ्या नबीच्या बापाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

कोरी जागा दिसली की पंडितांचे हात शिवशिवतात. कुणी म्हणालं, गिलादचा आहे म्हणजे गाद वंशाचा. कुणी म्हणालं, बन्यामिनाचा. कुणी थेट पुरोहित घराण्यात नेऊन बसवलं आणि अहरोनाचा नातू फिनहास तो हाच, असं ठरवून टाकलं. मिद्राश या यहुदी टीकाग्रंथांत तर एक अफलातून प्रसंग आहे. पंडितांचा हा वाद रंगात आलेला असताना स्वतः एलियाहू तिथे प्रकट होतो आणि सांगतो, कशाला भांडता, मी राहेलच्या वंशातला! राहेल बन्यामिनाची आई, म्हणजे बन्यामिनवाल्यांची सरशी. ज्याच्या वंशावळीवरून वाद, त्यानेच येऊन साक्ष द्यावी, असा दुसरा खटला आपण ऐकला आहे का?

आता धर्माचं बघू. तो ज्यू होता ना? इथेही जरा थांबावं लागतं. त्याच्या काळी हिब्रूंची दोन राज्यं होती. दक्षिणेला यहूदा, उत्तरेला इस्राएल. 'यहुदी' ही ओळख यहूदाच्या राज्यावरून आली. एलियाहू उत्तरेचा, तोही यार्देनच्या पलीकडचा, म्हणजे आजच्या जॉर्डन देशातला. तेव्हा त्याला कुणी विचारलं असतं, तर तो स्वतःला इस्राएली म्हणाला असता. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचं राज्य बुडवलं. आठवणी जपल्या त्या दक्षिणेने, आणि उत्तरेचा हा नबी अवघ्या यहुदी धर्माचा लाडका झाला. आजही सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवतात, वल्हांडणाच्या रात्री त्याच्या नावाचा प्याला भरतात. जो मेलाच नाही, तो कधीही दारात येऊ शकतो!

आणि तो कुणाकुणाच्या दारात गेला पाहा. कुराणात तो 'इलियास' आहे, बआल या देवाच्या पूजेबद्दल लोकांना बजावणारा पैगंबर. ख्रिस्ती शुभवर्तमानात तो मोशेसोबत डोंगरावर येशूशी बोलताना दिसतो. बआलच्या ४५० संदेष्ट्यांना त्याने आव्हान दिलं ते कार्मेल डोंगरावर. त्या डोंगरावर राहणाऱ्या ख्रिस्ती साधकांतून पुढे कार्मेलाइट संघ उभा राहिला. आपल्याकडच्या चर्चना आणि शाळांना 'माउंट कार्मेल' हे नाव मिळालं त्या डोंगरावरून. एका माणसावर केवढ्यांचा हक्क!

मग कोकणाने त्याला आपलं कसं केलं?

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, सामान बुडालं. उरलं काय? 'शमा' प्रार्थना, आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि शनिवारची सुट्टी. त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनवार तेली. गावांवरून आडनावं पडली: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. पुढे दावीद राहबी नावाचा ज्यू आला. कथा अशी की त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि त्यांनी खवल्यांची तेवढी वेगळी काढली. त्याची खात्री पटली, ही आपलीच माणसं!

नीट बघा. कुळाचा कागद नसलेला नबी, आणि कुळाचे कागद समुद्रात गेलेली माणसं. यांची गाठ पडली नसती तरच नवल.

आणि ती कशी पडली! पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा घालायचा, ताटात फळं मांडायची, वर गुलाबाची फुलं ठेवायची. हा मलिदा. तो नबीच्या नावाने मांडतात. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना. सोबत हिब्रूत एलियाहूचं स्तुतिगीत म्हणतात. हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी जगभरचे ज्यू झाडांचं नववर्ष पाळतात. त्याच दिवसाला बेने इस्राएल म्हणतात 'एलियाहू हन्नबीचा उरूस'. पोहे-खोबरं कोकणाचं, नवस आपल्या मातीचा, मलिदा आणि उरूस दर्ग्यांच्या परंपरेतले, गीत हिब्रू. एका ताटात इतकं सगळं मावतं, आणि तरीही ते ताट निर्विवाद ज्यूंचं असतं!

पण कोरा रकाना माणसांना नबीइतका सहज पेलत नाही. बेने इस्राएल इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशावळी तपासायला सांगितलं. हे शनवार तेली हटले नाहीत, आंदोलनाला बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की ते सर्वार्थाने ज्यू आहेत. २०१६ च्या एका जनुकीय अभ्यासातही त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे ठळक दिसले. हा संगम अंदाजे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. म्हणजे घाणे फिरवता फिरवता जपलेली आठवण पोकळ नव्हती!

मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. इस्राएलमध्ये स्थायिक झालेले बेने इस्राएल हैफाला, कार्मेलच्या पायथ्याशी असलेल्या एलियाहूच्या गुहेला जातात. तिथे ज्यू येतात, ख्रिस्ती येतात, मुसलमान आणि द्रुझही येतात. या सगळ्यांच्या मधोमध किहीम-पेणच्या आडनावांची माणसं येतात आणि नबीच्या नावाने मलिदा मांडतात. रथात बसून कोकणात गेलेला नबी आपल्या डोंगरावर परतला, तो गूळ-खोबऱ्याचे पोहे घेऊन. तो कुठल्या कुळाचा, हा वाद पंडितांनी खुशाल चालू ठेवावा. ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच्यासाठी ताट वाढलं, त्या सगळ्यांचा तो आहे, आणि त्यांत आपली मराठी माणसंही आहेत.