उन्हाळ्याच्या आरंभी परसबागेतील लाल कोळी

मार्च २०२४ मध्ये तीव्र टंचाईमुळे बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला. अशा कोरड्या, उष्ण काळातच वांगे, भेंडी व घेवडा या पिकांवर लाल कोळी झपाट्याने वाढते. ती कीटक नसून आठ पायांचा सूक्ष्म जीव आहे; उष्ण हवामानात तिची एक पिढी सुमारे आठवडाभरात पूर्ण होते. पानांच्या खालच्या बाजूने ती रस शोषते. प्रथम पांढुरके ठिपके, नंतर बारीक जाळी दिसते.

या वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास परभक्षी कोळी व ढालकिडे मरतात आणि प्रादुर्भाव उलट वाढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा भिंगाने पाहणी करून जाळीयुक्त पाने नष्ट करावीत. भाज्या धुतलेले पाणी गाळून पानांच्या खालच्या बाजूस जोराने फवारावे. उरलेले मुळाशी देऊन वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे. तरीही प्रादुर्भाव टिकल्यास हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला कडुनिंबाचा साबण वेष्टनावरील मात्रेनुसार पाण्यात विरघळवून सायंकाळी फवारावा.