जुन्या गाडीचे अर्थशास्त्र

तालुक्याच्या गावाबाहेर पेट्रोल पंप मागे पडला की गॅरेजांची रांग सुरू होते, आणि त्या रांगेच्या मागील बाजूस एखादी मालवाहू पिकअप गाडी हमखास उभी असते. टायर जमिनीला टेकलेले, हौद्यात पाला आणि पावसाचे पाणी, दरवाजांच्या खालच्या कडा गंजून जाळी पडलेली, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. मालकाचे हप्ते थकले, किंवा म्हातारा वारला आणि मुलगा पुण्याकडे कारखान्यात लागला, किंवा भावाभावांत वाटण्या होऊन गाडी कोणाचीच राहिली नाही. दोन-तीन वर्षे अशी उभी राहिलेली गाडी एके दिवशी कोणीतरी विकत घेतो, महिना-दीड महिना तिच्यावर खपतो, आणि हंगाम सुरू होण्याच्या आत तीच गाडी टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीच्या दारात हजर होते. शहरातील नोकरदार वाचकास हा व्यवहार काटकसरीचा, किंवा फार तर हौसेचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो भांडवलाच्या तुटवड्याचा व्यवहार आहे, आणि त्या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

महाराष्ट्रात लहान मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव मुळात हॅम्बुर्गजवळच्या एका जर्मन कारखान्याचे. त्याच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, तिची तीनचाकी गाडी खेडोपाडी पोहोचली आणि कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन बसले. पुढे मॅटाडोर आली. १९८८ साली टेल्कोने टाटामोबाईल ही पिकअप बाजारात आणली. महिंद्रांच्या जीपवरून निघालेल्या पिकअप तर घाटरस्त्यांवर सर्वत्र दिसू लागल्या. २००५ साली टाटांची ‘एस’ आली. ज्याला ट्रक परवडत नाही, परंतु बैलगाडीवर ज्याचे भागत नाही, असा एक स्वतंत्र वाहतूकदार या गाड्यांनी निर्माण केला. तो बहुधा स्वतःच चालक असतो, आणि त्याची पहिली गाडी बहुधा कोणाची तरी जुनी गाडी असते.

याचे कारण साध्या आकडेमोडीत सापडते. समजा, नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत साडेनऊ लाख रुपये पडतात, त्यांपैकी दीड लाख घरचे आणि आठ लाख कर्जाचे. दर साल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीत याचा मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो. उलट, पडून राहिलेली गाडी पावणेदोन लाखांस घेतली आणि तिच्यावर सव्वा लाख खर्च केले, तर तीन लाखांत काम भागते. ही रक्कम दागिने गहाण ठेवून, सोसायटीतून आणि मेहुण्याकडून उभी करता येते. जुनी गाडी डिझेल अधिक खाते, वर्षातून चार वेळा बिघडते, हे खरेच. परंतु हप्ता दर महिन्याला येतो आणि भाडे दर महिन्याला येत नाही. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षे असतात, पुढे कांदा असतो, पावसाळ्यानंतर टोमॅटो असतो. मधले महिने कोरडे जातात. अशा चार कोरड्या महिन्यांत नव्या गाडीचा मालक ६९,६०० रुपये केवळ हप्त्यापोटी देणे लागतो. जुन्या गाडीचा मालक त्या काळात गाडी झाकून ठेवतो आणि दुसऱ्याच्या शेतात कामास जातो. ज्याचे उत्पन्नच अनिश्चित आहे, त्याने निश्चित खर्च टाळून बिघाडाचा अनिश्चित खर्च पत्करावा, यात अडाणीपणा कोठेही नाही. बँकेपेक्षा गाडीच्या इंजिनाशी तडजोड करणे त्याला सोपे जाते, इतकेच.

मात्र या हिशेबात एक मोठी अट दडलेली आहे. पावणेदोन लाखांत मिळालेली गाडी पावणेदोन लाखांचीच असली पाहिजे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो त्यापूर्वी नाकारला होता; २००१ साली त्याच विषयावरील कामासाठी लेखकास इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईट गाड्याच उरतात. तिकडे अशा फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपल्याकडे लिंबू गाडीच्या पुढे मिरच्यांसह टांगतात आणि फसवणूक आत असते.) अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा निबंध पाठ असतो, पण त्यात भारतीय सावकारी कर्जाचेही उदाहरण आहे, हे सहसा सांगितले जात नाही. गावच्या सावकाराला ऋणको माहीत असतो, बाहेरच्याला नसतो, म्हणून सावकाराची पकड सुटत नाही, असा तो मुद्दा. जुन्या गाडीच्या खरेदीत हे दोन्ही प्रश्न एकाच माणसापुढे एकाच दिवशी उभे राहतात.

या अज्ञानावर आपल्या बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे मिस्त्री. खरेदीस जाताना मिस्त्रीला बरोबर न्यावयाचे, हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, परंतु तो मोडणारा बहुधा पस्तावतो. चांगला मिस्त्री प्रथम बॉनेटवर हात ठेवतो. ते गरम असेल तर विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली आहे आणि थंड इंजिनाचा दोष लपविला आहे, असा तो अर्थ घेतो. मग ऑइलची पट्टी काढतो. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे, म्हणजे हेड गास्केट तरी गेले आहे किंवा त्याहून वाईट काही आहे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडले आणि धुराचे भपकारे बाहेर आले, तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. धूर काळा असेल तर दोष पंप-नोझलचा, बहुधा थोडक्यात निभावणारा. निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे आणि ते खोलावे लागणार. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन बंद पडले पाहिजे. पडले नाही तर क्लच प्लेट संपली. इतके झाल्यावर तो गाडीखाली शिरतो, आणि खरा निर्णय तेथेच होतो. इंजिन नवे करता येते, चॅसी करता येत नाही. मासळी, मीठ किंवा रासायनिक खत वाहिलेल्या गाडीची चॅसी आतून खाल्लेली असते, वरून कितीही काळा रंग फासलेला असो. मागच्या चाकांवर जादा पाटे टाकलेले असतील तर गाडीने आयुष्यभर क्षमतेबाहेर ओझे वाहिले, हे ओळखावे. ही सारी तपासणी अर्ध्या तासाची असते. तिचा मोबदला म्हणून मिस्त्रीला चहा आणि दोनपाचशे रुपये मिळतात. त्याच्या शब्दावर लाखभर रुपयांचा सौदा ठरतो किंवा मोडतो, हे पाहता हा मोबदला फारच थोडा म्हणावा लागेल.

बंद गाडीच्या दुरुस्तीत पहिली चूक घाईची होते. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारला की अडकलेल्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात, आणि टाकीच्या तळाशी साचलेले पाणी व गाळ थेट पंपात जातो. जाणता कारागीर आधी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडतो, इंजिन हाताने फिरवून पाहतो, टाकी उतरवून धुतो, आणि मगच किल्ली फिरवितो. दुसरी चूक पैशाच्या वाटपाची असते. इंजिन आणि रंग यांवर मालक सढळ हाताने खर्च करतो, कारण एकाचा आवाज ऐकू येतो आणि दुसरा डोळ्यांना दिसतो. ब्रेकचे मात्र ‘पुढच्या भाड्यातून करू’ असे ठरते. उभ्या गाडीत सर्वांत आधी खराब होतात ते ब्रेकच; चाकांतील सिलिंडर गंजून अडकतात, ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, रबरी नळ्यांना भेगा पडतात. घाट उतरताना दीड टन माल पाठीशी असलेल्या गाडीचे असे ब्रेक हा काही केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही.

दुरुस्तीच्या बिलात न येणारा खर्च वेळेचा. हंगामात दिवसाला हजार रुपये सुटतात असे धरले आणि एका सुट्या भागासाठी गाडी वीस दिवस उभी राहिली, तर वीस हजार गेलेच. शिवाय ज्या बागायतदाराचा माल वेळेवर उचलला गेला नाही, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतो. म्हणूनच मुंबईत कुर्ल्याला आणि दिल्लीत मायापुरीला मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणारे जे बाजार वाढले, त्यांचे मोल केवळ स्वस्ताईत नाही. कंपनीकडून जो भाग येण्यास पंधरवडा लागेल, तो तेथे त्याच दिवशी हाती पडतो.

कागदपत्रांकडे होणारे दुर्लक्ष याहून महाग पडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करावयाची असते. प्रत्यक्षात सही केलेले कोरे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरतात आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाकडील गाडीही पहिल्याच्याच नावावर असते. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका साखळी-विक्रीच्या प्रकरणात दिला. गाडी विकून निश्चिंत झालेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आता सरकारच्या धोरणाकडे वळावयास हवे. २०२१ साली केंद्राने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील वाहनांच्या नोंदणीचे व पासिंगचे शुल्क अनेक पटींनी वाढविण्यात आले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर त्याआधी, २०१० सालीच आला. या धोरणामागील हेतूबद्दल वाद नाही. जुन्या डिझेल गाडीचा धूर शाळेच्या वाटेवरील मुलांच्या छातीत जातो, आणि मालकाची गरिबी हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा. शुल्क आणि कर गाडीच्या वयाप्रमाणे वाढतात, धुराप्रमाणे नव्हे. वेळेवर ऑइल बदललेली, नोझल तपासून घेतलेली सोळा वर्षांची गाडी आणि काळा धूर ओकणारी सोळा वर्षांची गाडी यांना सारखेच शुल्क पडते. मग निगा राखण्यासाठी मालकाने पैसे का खर्चावेत? मोडीत काढणाऱ्याला तशाच नव्या गाडीच्या किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मिळावेत, असे धोरणात म्हटले आहे. नऊ लाखांवर ते ३६ ते ५४ हजार होतात. चालती गाडी बाजारात याच्या तिप्पट-चौपट आणत असताना मालक ती मोडीत देणार नाही. तो ती जिथे तपासणी सैल असेल अशा भागात विकेल. धूर नाहीसा होणार नाही, फक्त गाव बदलेल.

यंत्राने होणारी प्रामाणिक तपासणी, आणि तिच्या निकालावर ठरणारे शुल्क, हा यावरचा सरळ मार्ग आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रांची योजना त्या दिशेने आहे. परंतु केंद्र शंभर किलोमीटरवर असेल तर चाचणीचा एक दिवस हा रोजगार बुडण्याचा एक दिवस असतो. दुसरी गोष्ट कर्जाची. जुन्या ट्रकांना कर्ज देण्यावर श्रीरामसारख्या संस्थेने १९७९ पासून मोठा व्यवसाय उभारला, म्हणजे हा वर्ग कर्ज बुडविणाराच असतो, हा समज खरा नाही. तरीही इंजिन उतरविण्यासाठी किंवा ब्रेक नवे करण्यासाठी लागणारे पन्नास-साठ हजार आपल्या सहकारी बँकांकडून सहज मिळत नाहीत, आणि माणूस पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जातो.

शिवाय खुद्द मिस्त्रीची विद्याच आता जुनी होत चालली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांत संवेदक आहेत, संगणकीय नियंत्रण आहे, धूर शुद्ध करणारी नाजूक यंत्रणा आहे. झाकण उघडून आणि धुराचा रंग पाहून त्यांचे सारे दुखणे कळत नाही. या गाड्यांची पहिली खेप आता दुसऱ्या मालकांच्या हाती येऊ लागली आहे. त्यांचा दोष वाचणारा स्कॅनर आणि तो वाचता येणारा कारागीर तालुक्याच्या गॅरेजात नसेल, तर घेणारा गाडीचे वय आणि रंग पाहूनच सौदा करील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे काम शिकविण्यास आणि गावोगावच्या जुन्या मिस्त्रींना महिनाभराचे वर्ग देण्यास लागणारा खर्च, एखाद्या चाचणी केंद्राच्या इमारतीपेक्षा खचितच अधिक नसेल.