चूक विद्यार्थ्याची की प्रश्नाची?

‘एका व्यापाऱ्याने ८०० रुपयांना घेतलेली साडी १,००० रुपयांना विकली, शेकडा नफा किती?’ प्रश्न साधा भासतो. शालेय गणितात नफा खरेदीच्या किमतीवर मोजतात. म्हणून उत्तर २५. परंतु दुकानात वडिलांशेजारी बसून हिशेब ऐकत वाढलेला मुलगा २० लिहितो. कारण व्यापारात ‘मार्जिन’ बहुधा विक्रीच्या किमतीवर काढले जाते. त्याचा हिशेब अचूक असतो, तरी पदरी शून्य गुण पडतात. प्रश्नात ‘खरेदीच्या किमतीवर’ हे दोनच शब्द असते, तर हा अन्याय टळला असता.

उत्तम प्रश्नाचे पहिले लक्षण म्हणजे निःसंदिग्धता. ज्याला विषय समजला आहे, त्याला नेमके काय विचारले आहे हे वाचताच कळावे. ‘कोणते विधान अयोग्य नाही?’ अशी दुहेरी नकाराची रचना ज्ञान तपासत नाही, केवळ सावधपणा तपासते.

बहुपर्यायी प्रश्नाचे श्रेय अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांना दिले जाते. त्यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाच्या चाचणीसाठी तो वापरला. या प्रकारात खरे कसब चुकीचे पर्याय निवडण्यात असते. ते मनास येतील तसे न देता मुलांच्या नेहमीच्या चुकांतून घ्यावेत. वरील प्रश्न दुरुस्त करून त्याला २५, २०, २०० आणि ८० हे पर्याय दिले, तर २० निवडणाऱ्याने नफा विक्रीवर मोजला, २०० निवडणाऱ्याने रक्कमच टक्केवारी मानली आणि ८० निवडणाऱ्याने नफ्याऐवजी खरेदीच विक्रीशी ताडली, हे शिक्षकाला तत्काळ कळते. चुकलेले उत्तरही मग पुढील अध्यापनाची दिशा दाखवते.

बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये स्मरणापासून मूल्यमापनापर्यंत बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या. ‘शेकडा नफ्याचे सूत्र लिहा’ हा प्रश्न पहिल्या पायरीवरच थांबतो. ‘दोन व्यवहारांपैकी अधिक लाभाचा कोणता, ते सकारण सांगा’ हा प्रश्न विचार करावयास लावतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीऐवजी अशाच आकलनाच्या परीक्षेवर भर दिला आहे.

उत्तरपत्रिका घरी आली की पालकांची दृष्टी प्रथम गुणांकडे वळते. ती क्षणभर चुकलेल्या प्रश्नाकडे वळवून ‘हे उत्तर तू कसे काढलेस?’ असे मुलास विचारावे. कधी त्याचा गैरसमज उलगडेल, तर कधी प्रश्नातील उणीव दिसेल. दोन्ही प्रसंगी मुलाचे हितच होईल.