काळ्या द्राक्षांचे कुळगोत्र

कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून सिद्ध होणाऱ्या पेयास ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याची नावे त्याच्या जन्मभूमीवरून पडतात असे सांगून कापिशायन व हारहूरक अशी दोन नावे दिली आहेत. मद्याचा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असा प्रश्न ज्या वाचकांच्या मनात उभा राहील, त्यांनी पेला बाजूस ठेवून वेलीकडे पाहावे. दक्षिण इटलीतील ही हकीकत पिणाऱ्यांची नव्हे, पिकवणाऱ्यांची आहे.

नकाशावर इटलीचा आकार बुटासारखा दिसतो. त्याच्या पोटरीपासून टाचेपर्यंतचा मुलूख उन्हाचा, डोंगराळ आणि पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्याचा. येथे प्रत्येक प्रांताने आपले काळे द्राक्ष जपले आहे. काम्पानिया व बाझिलिकाता येथे अल्यानिको, पुलियात नेग्रोआमारो आणि प्रिमितीव्हो, कालाब्रियात गाल्योप्पो, आणि सामुद्रधुनी ओलांडून सिसिलीत गेले की नेरो दाव्होला. द्राक्ष काळे असले तरी त्याचा रस बहुधा फिकटच असतो. तांबडा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून रस सालींसह आंबवतात, आणि पांढऱ्या वाइनसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. नाशिक-सांगलीकडे मांडवावर चढलेले वेल पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे. पुलियातील जुन्या बागांत मात्र वेलीला आधारच नसतो; छाटून छाटून तिचे कमरेइतके ठेंगणे झाड केलेले असते.

या सर्वांत मानी वाण अल्यानिको. वूल्तुरे नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारांवर आणि आव्हेल्लीनो जिल्ह्यातील ताउराझीच्या टेकड्यांवर तो वाढतो. इतर द्राक्षे सप्टेंबरात उतरतात. हा ऑक्टोबर संपेपर्यंत, कधी नोव्हेंबरातही, थंडीवाऱ्यात वेलीवरच असतो. त्याच्या ताज्या वाइनचा तुरटपणा जिभेला सहन होत नाही, म्हणून ताउराझीच्या वाइनला किमान तीन वर्षे, त्यांपैकी एक वर्ष लाकडी पिंपात, मुरवल्यावाचून विकता येत नाही, असा कायदाच आहे. अल्यानिको हे नाव ‘हेलेनिक’, म्हणजे ग्रीक, या शब्दापासून आले असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. मराठीच्या शिक्षकाला अशा व्युत्पत्तीचा मोह होतोच. पण अलीकडचे भाषाशास्त्रज्ञ ती मान्य करण्यास फारसे राजी नाहीत.

असा हा वाण विसाव्या शतकाच्या मध्यास लोप पावतो की काय, अशी वेळ आली होती. त्याची कारणे जुनी आहेत. १८६० नंतर फायलॉक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने फ्रान्समधील बागा उजाड केल्या, तेव्हा तेथील व्यापारी पुलियात येऊन गडद, कडक वाइन पिंपेच्या पिंपे नेऊ लागले. लोकांनी गव्हाची शेते मोडून वेली लावल्या. पुढे १८८८ मध्ये दोन्ही देशांत जकातीचे युद्ध पेटले आणि ती बाजारपेठ एकाएकी बंद झाली. त्यानंतरही दक्षिणेची वाइन टाक्यांत भरून उत्तरेकडे जाई, तेथील पातळ वाइनला रंग आणि जोर देई, आणि बाटलीवर नाव मात्र दुसऱ्याचेच असे. ज्या मालाला नावच नाही, त्याचा वाण जपण्यात शेतकऱ्याला काय लाभ?

दुसऱ्या महायुद्धानंतर बागा पुन्हा लावण्याची वेळ आली, तेव्हा भरघोस पीक देणारे उत्तरेकडचे आणि मध्य इटलीचे वाण लावा, असाच सल्ला सर्वत्र मिळत होता. आव्हेल्लीनोजवळच्या आत्रिपाल्दा गावातील आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो (१९२८–२०१४) यांनी तो मानला नाही. अल्यानिको, आणि त्यासोबत फियानो व ग्रेको ही पांढरी द्राक्षे, त्यांनी हट्टाने लावली. त्यांची १९६८ सालची ताउराझी आजही जाणकार आदराने आठवतात. ताउराझीला सरकारी नियमांतील सर्वोच्च दर्जा १९९३ मध्ये मिळाला. त्याआधी, १९८० च्या २३ नोव्हेंबरला, याच भागात भूकंप होऊन सुमारे तीन हजार माणसे दगावली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

प्रिमितीव्होची कथा वेगळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोया देल कोल्ले येथील धर्मोपदेशक फ्रांचेस्को फिलिप्पो इंदेल्लिकाती यांना आपल्या बागेतील एक वाण इतरांआधी पिकतो असे दिसले. त्यांनी तो वेगळा काढून लावला, आणि ‘लवकरचा’ या अर्थी त्याचे हे नाव रूढ झाले. १९६७ मध्ये ऑस्टिन गोहीन हे अमेरिकन शास्त्रज्ञ बारीजवळ ही वाइन चाखत असता त्यांना कॅलिफोर्नियातील झिन्फान्डेलची आठवण झाली. पुढे कॅरोल मेरेडिथ यांच्या डीएनए-परीक्षणाने दोन्ही एकच ठरली, आणि २००१ मध्ये त्यांचे मूळ एड्रियाटिकपलीकडे, क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या बागेत सापडले. तेव्हा पुलियाचा हा ‘देशी’ वाणही समुद्रापलीकडून आलेला! पण दोन शतके त्या मातीत रुजून तेथलेच नाव घेतलेल्याला परका कोण म्हणणार? बडोदे-इंदूर-बेळगावच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र संकट तेवढ्यावर टळले नाही. अतिरिक्त उत्पादन कमी व्हावे म्हणून युरोपीय समुदायाने १९८८ पासून वेली उपटणाऱ्यास अनुदान दिले, आणि पुलियातील कित्येक जुन्या ठेंगण्या बागा त्यात गेल्या. जुन्या वेलींचे पीक थोडे, मजुरी भारी. रोख पैसा हाती येत असता म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो नाकारावा, अशी अपेक्षा दुरून करणे सोपे आहे.

काम्पानियात याच्या उलट एक उद्योग झाला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पॉम्पेई गाडले गेले, तेव्हा तेथील वेलींची मुळे कुजून मातीत पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन विदुषीने त्या पोकळ्यांत सिमेंट ओतून मुळांचे साचे मिळवले, आणि अँफिथिएटरजवळ दोन हजारांवर वेलींची एक मोठी बाग उजेडात आणली. १९९६ पासून मास्त्रोबेरार्दिनो घराण्याने पुरातत्त्व खात्याच्या साह्याने पॉम्पेईच्या आवारात जुन्या जागी पुन्हा वेली लावल्या. त्यांत पिएदिरोस्सो हे स्थानिक काळे द्राक्ष होते. २००१ च्या पिकाची पहिली वाइन निघाली, तिला पॉम्पेईतील एका प्रसिद्ध घरावरून ‘व्हिल्ला देई मिस्तेरी’ असे नाव दिले.